दहा लाखांची खुर्ची

माणसाला लुबाडायचं असेल तर त्याला शिवी देऊ नये, त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. शिवीला उत्तर सुचतं. टाळ्यांपुढे माणूस गाढवासारखा हसत उभा राहतो.

मिस्त्रीही तसाच उभा राहिला. सदतीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात आणि लिफ्टच्या टपावर काम केलेला माणूस, चारचौघांत उभं राहायची त्याला सवय नव्हती. त्याच्या निवृत्तीच्या समारंभासाठी कंपनीच्या जेवणाच्या हॉलमधली टेबलं भिंतीला सरकवली होती. धाकट्या मालकानं दाराएवढं एक पुठ्ठ्याचं तिकीट त्याच्या हातात दिलं. त्यावर पृथ्वीचा गोळा, गोळ्याभोवती विमान आणि खाली मिस्त्रीचं नाव.

"आपल्या मिस्त्रींनी आयुष्यभर वर-खाली केलं," धाकटा मालक माइकमध्ये म्हणाला, "आता आपण त्यांना गोल फिरवू! अख्ख्या जगाची सफर, आणि तीही बिझनेस क्लासनं!"

टाळ्या, शिट्ट्या, फोटो. खरं तिकीट, म्हणजे चार कागद, एका निळ्या फोल्डरमधून वेगळं दिलं. पहिलं विमान तीन आठवड्यांनी होतं.

घरी बायकोनं फोल्डर उलटंपालटं केलं. "एकाचंच दिसतंय."

"हो."

"म्हणजे जग तुम्ही बघायचं आणि क्वार्टर मी रिकामं करायचं."

क्वार्टर कंपनीचं होतं. दोन महिन्यांत सोडायचं होतं. मिस्त्रीच्या हक्काचे नऊ लाख मिळाले की त्यातले साडेआठ दोन खोल्यांच्या घरासाठी भरायचे, असं ठरलेलं होतं. पुढचं पोट मिस्त्रीच्या परवान्यावर भरायचं होतं. लिफ्ट तपासून सहीशिक्का द्यायचा हा परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. सुटा मिस्त्री कंपनीच्या निम्म्या पैशात लिफ्ट तपासून देतो, म्हणून इमारतवाले त्याच्याकडे जातात आणि कंपनीच्या पोटात दुखतं.

दहाव्या दिवशी हिशेबाचा कागद आला. नऊ लाखांच्या जागी सहा. मधे एक ओळ होती: भेटवस्तूचे मूल्य दहा लाख, त्यावरील कर तीन लाख, कपात. मागे कुठल्याशा तिकीट एजन्सीच्या पत्राची झेरॉक्स टाचलेली.

मिस्त्री तडक कंपनीत गेला. हिशेबाच्या कारकुनानं वर न बघता सांगितलं, "भेट म्हणजे पगारच. पगाराला कर लागतो. कायदा आहे."

"मी मागितली होती का भेट?"

"नको असेल तर परत करा. त्याचीही सोय आहे." कारकुनानं खणातून एक टाइप केलेलं पत्र काढलं. 'प्रकृती बिघडल्यामुळे मी प्रवास व श्रमाची कामे करण्यास असमर्थ असून सदर भेट स्वखुशीने परत करीत आहे.' खाली सहीसाठी रेघ. "इथं सही केलीत की कपात रद्द. नऊचे नऊ."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे."

"अहो, कारण काहीतरी घालावं लागतं. साहेबांनी एवढं प्रेमानं दिलेलं. उगाच नको म्हटलंत तर बरं दिसतं का?"

"आणि हे पत्र माझ्या येण्याआधीच तयार?"

"आम्ही तयारीत असतो." कारकुनानं पेन पुढे केलं. "पहिलं विमान उडायच्या आत करा. ते उडालं की भेट स्वीकारली असं धरतात."

मिस्त्रीनं पेन हातात घेतलेलं होतं. तीन लाख म्हणजे घराचा एक कोपरा नव्हे, घरच. सही करून टाकावी, असं त्याच्या मनात आलंच होतं. पण ज्या माणसानं सदतीस वर्षं प्रत्येक नट हातानं आवळून पाहिला, त्याला दुसऱ्यानं आधीच आवळून ठेवलेला नट दिसला की चैन पडत नाही. "विचार करतो," म्हणून तो उठला.

त्या संध्याकाळी बायको पुठ्ठ्याचं तिकीट कपाटामागे सारत होती. नावाची पट्टी एका टोकाला सुटली होती. तिनं नखानं ओढली. खाली दुसरी पट्टी. त्यावर वेल्डरचं नाव.

"अहो, हे बघा. तुमचं जग वापरलेलं आहे."

वेल्डर गेल्या वर्षी निवृत्त झाला होता, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. मिस्त्री गेला तेव्हा तो स्टुलावर बसून दार बघत होता. दाराकडे नव्हे, दार. जाऊन-येऊन बघायला तेवढंच होतं.

"मला पण तेच पत्र दिलं होतं. मी केली सही," वेल्डर म्हणाला. "पूर्ण पैसे मिळाले. माझी तक्रार नाही बाबा."

"मग काम का करत नाहीस? उंचावरच्या जोडणीला तुझ्यासारखा हात नाही गावात."

"उंचावर काम करायच्या परवान्याचा अर्ज परत आला."

"का?"

"लिहिलंय, अर्जदाराने स्वतः असमर्थ असल्याचे कळवले आहे. आता मी कधी कळवलं? मला वाटलं, चुकीनं दुसऱ्याचा कागद..." वेल्डर बोलता बोलता थांबला. मग त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदम कळलं की त्या पत्राची एक प्रत कुठं गेली होती.

आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिलेत. इथं आवळाही परत घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्या तिकीट एजन्सीत गेला. एकच खोली, काचेचं टेबल, काचेखाली जगाचा नकाशा आणि टेबलामागे पन्नाशीची, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेली तिकीटवाली बाई.

"काय हवंय?"

"भाव समजून घ्यायचाय. जगभर फिरायच्या तिकिटाचा, बिझनेस क्लास."

तिनं त्याच्या चपलांकडे पाहिलं. "घेणार आहात?"

"नाही."

"मग चला, निघा. माझं दुकान म्हणजे प्राणिसंग्रहालय नाही, येता-जाता बघून जायला."

मिस्त्रीनं झेरॉक्स टेबलावर ठेवली. आपलंच पत्र पाहून बाईचा चेहरा आंबट झाला.

"हे त्या लिफ्टवाल्याला दिलं होतं मी. तुम्ही त्याचे कोण?"

"नोकर होतो."

"तुमच्या त्या साहेबावर दोन दिवस घालवले मी. सोळा टप्पे जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. स्वतःच्या पैशानं कॉफी पाजली. आणि तो शहाणा म्हणाला, कळवतो. वर्ष झालं, अजून कळवतोय!"

"बरोबर आहे. गेल्या वर्षी माझ्या आधी वेल्डरला पण हेच लावलं असणार."

"काय लावलं होतं?"

मिस्त्रीनं सांगितलं. बाई ऐकत गेली तसा तिचा राग जागा बदलत गेला, पण कमी झाला नाही.

"आधी दहा लाख कसे होतात ते सांगा," मिस्त्री म्हणाला. "माझ्या अंगावर घातलेत, तर निदान कळू दे."

बाईनं पेन्सिल काढली आणि काचेवरून नकाशावर फिरवू लागली. "हे तिकीट अंतरावर विकतात. पण रिक्षाच्या मीटरसारखं नाही. जिन्यासारखं. इतक्या मैलांपर्यंत हा भाव. त्यापुढं एक मैल गेलात तरी अख्खी पायरी चढायची. सोळापेक्षा जास्त उड्डाणं नाहीत. पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच जायचं, मागं वळायचं नाही. दोन्ही महासागर ओलांडायचे आणि निघालात त्याच देशात परत यायचं. एक शहर चुकीच्या बाजूला घेतलं की सगळी माळ तुटते. म्हणून तर दोन दिवस लागले मला."

"बरं."

"बरं नाही, खरी मेख पुढं आहे. भाव ठरतो तो कुठून निघता त्यावर. इथून निघालात तर दहा लाख. शेजारच्या देशातून निघालात तर सहा. तीच विमानं, त्याच खुर्च्या, तीच उशी."

"चार लाख कशाचे मग?"

"कशाचेच नाहीत. तिथले लोक सहाच्या वर देत नाहीत, इथले देतात. एवढंच गणित आहे, काका. तुमच्या साहेबानं मला मुद्दाम सांगितलं होतं, इथूनच निघायचं धरा. मला वाटलं, पैशाची मस्ती. पत्रात आकडा फुगवून हवा होता त्याला. तिकीट दाखवा."

मिस्त्रीनं निळा फोल्डर पुढं केला. बाईनं तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि हसली. हसणं चांगलं नव्हतं.

"वाचा."

"भाडं... शून्य?"

"शून्य. हे पॉइंटवर काढलंय. तुमची कंपनी बाहेरून लिफ्टच्या मोटारी मागवते, दोर मागवते, पैसे कार्डानं भरते. त्या कार्डावर पॉइंट साचतात. पॉइंट दिले की भाडं माफ. रोख भरले ते फक्त विमानतळांचे कर, बावन्न हजार. तुम्ही तिकीट परत केलंत की पॉइंट जसेच्या तसे त्याच्या खात्यावर, आणि बावन्न हजारांतलेही बरेचसे. पुढच्या म्हाताऱ्याला तेच पॉइंट."

"म्हणजे दहा लाख..."

"कुणीच दिले नाहीत. आणि थांबा, माझ्या पत्राची शेवटची ओळ कुठाय?" तिनं झेरॉक्स उजेडात धरली. तळाशी आडवी काळी सावली होती. "घडी घालून कॉपी काढलीय मेल्यानं! खाली मी स्पष्ट लिहिते, हे फक्त अंदाजपत्रक आहे, विक्री झालेली नाही. माझ्या नावानं धंदा करतोय!"

तिनं फाइलीतून मूळ पत्राची आपली प्रत काढली. मग दुसऱ्या कागदावर लिहून शिक्का मारला: अमुक क्रमांकाचे तिकीट, भाडे शून्य, भरलेले कर बावन्न हजार. "कर लागतो तो कंपनीनं खरंच खर्च केला त्यावर. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते."

मिस्त्री दोन्ही कागद उचलायला लागला, तर तिनं त्यावर हात ठेवला.

"हे घेऊन आत्ता धावत गेलात तर काय होईल सांगू? ते म्हणतील, मग करा सही. नाही केलीत तर हिशेब अडवतील. अडवायला काय लागतं? एक टेबल आणि एक खण. तुमचं क्वार्टर जाईल, मग याल गुमान."

"मग?"

"तिकीट तुमच्या नावाचं आहे. तारीख आहे. पहिलं विमान उडालं आणि तुम्ही आत असलात की पॉइंट बुडाले, आणि सही करण्यासारखं काही उरलंच नाही. मग उरतो फक्त भाव. आणि भावाची पावती त्यांच्याकडे नाही."

"आणि तरीही त्यांनी तीन लाख कापलेच तर?"

"तर कापले. मी काय देव आहे?" बाईनं हात काढला. "शंभर द्या. शिक्क्याचे."

घरी नवराबायकोचं भांडण दोन दिवस चाललं. बायकोचं म्हणणं साधं होतं: सही करा, नऊ लाख घ्या, घर घ्या.

"आणि खायचं काय? दार बघत बसू वेल्डरसारखा?"

"घर असेल तर दार तरी असेल बघायला!"

"अगं, माझ्या हातानं लिहून देऊ, मी निकामी झालो म्हणून?"

"लोक पोटासाठी काय काय लिहून देतात." मग ती बराच वेळ भांडी घासत राहिली, इतक्या जोरात की शेजारीण डोकावून गेली. शेवटी हात पुसत म्हणाली, "पहिल्या विमानातून उतरलात की परतीच्या बसला किती लागतात?"

"सहाशे."

तिनं डब्यातून सहाशे काढून टेबलावर आपटले. "जा. पण तीन लाख बुडाले ना, तर तुम्हाला मी लिफ्टच्या खड्ड्यात ढकलीन, आणि वरून लिफ्ट सोडीन."

"लिफ्ट खाली येताना थांबते. खड्ड्यात जागा असते माणसापुरती."

"मग दोनदा सोडीन."

कारकुनाचे रोज फोन येत होते. मिस्त्री रोज एकच उत्तर देत होता, विचार चाललाय. ठरलेल्या तारखेला सकाळी सात वाजता तो विमानात बसला. पहिला टप्पा देशातलाच होता, मोठ्या विमानतळाच्या शहरापर्यंत, पन्नास मिनिटांचा. बिझनेस क्लास म्हणजे पुढच्या चार रांगा. खुर्च्या मागच्यासारख्याच, फक्त तिघांतली मधली रिकामी ठेवून तिच्यावर एक फळी टाकलेली. एवढ्यासाठी जग जीव टाकतं, हे पाहून त्याला दहा लाखांचा नव्यानं राग आला.

खिडकीजवळच्या सूटवाल्यानं त्याच्याकडे दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "हा बिझनेस क्लास आहे."

"मला वाचता येतं."

"नाही, कधीकधी चुकून बसतात लोक."

"तुम्ही किती दिलेत या खुर्चीचे?"

सूटवाल्यानं आकडा सांगितला, जरा मान उंचावूनच.

"मग चुकून तुम्ही बसलात," मिस्त्री म्हणाला, आणि गरम टॉवेलनं मान पुसली.

उतरल्यावर दुसऱ्या विमानाच्या फाटकाकडे तो गेलाच नाही. बोर्डिंग पासचा तुकडा खिशात घालून बस पकडली आणि संध्याकाळी घरी आला. बायकोनं विचारलं, "कसं होतं जग?" तो म्हणाला, "अरुंद." त्यावर ती हसली नाही. दोघांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी दहाला तो धाकट्या मालकाच्या खोलीत होता. मालकाचा फोन टेबलावर पालथा पडला होता. बातमी विमान कंपनीकडून आधीच आली होती.

"तुम्ही गेलात?" धाकटा मालक उभा राहिला. "कुणाला विचारून गेलात?"

"भेट होती ना? टाळ्या वाजल्या होत्या."

"एक टप्पा जाऊन परत आलात! सगळे पॉइंट गेले! माझ्या बायकोमुलांची सुट्टी ठरली होती त्यांच्यावर!"

"मग ते माझ्या नावानं कशाला फडकवलेत?"

धाकटा मालक खाली बसला. त्याचा आवाज खाली आला आणि जास्त घाण झाला. "ठीक आहे. तुम्ही भेट घेतलीत. आता दहा लाखांवर कर भरा. सहा लाख घ्या आणि चालते व्हा."

बायकोचे सहाशे मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं आले. त्यानं तीन कागद टेबलावर मांडले: बोर्डिंग पास, शून्य भाड्याचा दाखला आणि शेवटच्या ओळीसकट मूळ पत्र.

"दहा लाखांची पावती लावा," तो म्हणाला. "तुमच्या हिशेबाला लावा, करखात्याला पाठवा. मी तीन लाख इथंच सोडून जातो. एक पावती फक्त."

"मला शिकवू नका!"

"शिकवत नाही. मागतोय. वेल्डरच्या तिकिटाची पण काढा. त्याच्या आधी कुणाला दिलं असेल तर त्याची पण. दहा दहा लाख वहीत खर्च दाखवला असेल ना तुम्ही? की दाखवलाच नाही?"

धाकट्या मालकानं घंटी दाबली. कारकून आत आला. "त्या तिकिटाची पावती आण."

"कुठल्या?" कारकून म्हणाला. मग कागदांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि जमिनीकडे पाहू लागला.

"सदतीस वर्षं आमचं मीठ खाल्लंत," धाकटा मालक दात आवळून म्हणाला.

"खाल्लं. कामाचं खाल्लं. उधार नव्हतं."

"या गावात एक लिफ्ट मिळणार नाही तुम्हाला. बघतो मी."

"बघा. आधी सही करा."

धाकट्या मालकानं कारकुनाला नवा हिशेब करायला लावला. बावन्न हजारांवरचा कर, पंधरा हजार सहाशे. बाकी सगळे मिस्त्रीचे. चेक फाडताना त्यानं इतक्या रागानं सही केली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. मिस्त्रीनं चेक उचलला, भोक पाहिलं आणि परत टेबलावर ठेवला.

"हा बँक घेणार नाही. दुसरा द्या."

दुसरा मिळाला. धाकटा मालक कोट उचलून बाहेर निघून गेला, दार आपटून.

मिस्त्री मात्र खुर्चीतून हलला नाही. "माझी नोकरीची फाइल आणा," तो कारकुनाला म्हणाला. "परवान्याच्या कार्यालयात जाते ती."

"आता कशाला? चेक मिळाला ना?"

"त्यात काय काय आहे ते वाचायचंय."

"अहो, शंभर पानं आहेत. माझी जेवणाची वेळ होईल."

"जेवा की. मी थांबतो."

कारकुनानं फाइल आणून आपटली. मिस्त्रीनं चष्मा लावला, अंगठा ओला केला आणि पहिलं पान उघडलं. पंचेचाळिसाव्या पानापर्यंत कारकून घड्याळाकडे बघत होता. अठ्ठ्याऐंशीव्या पानामागे ते टाइप केलेलं पत्र होतं, सही नसलेलं, पण आवक क्रमांकाचा शिक्का मारलेलं. मिस्त्रीनं ते कारकुनासमोर धरलं.

"हे चुकून..." कारकून म्हणाला.

"फाड," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या हातानं. आणि आवक वहीतली ओळ माझ्यासमोर खोड."

कारकुनानं फाडलं. मिस्त्रीनं पुढचं पान उलटलं. अजून बारा उरली होती.